पाहुण्यांसमोरचा तास

हा एक तास निभावला की आपल्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब बाईंनी सकाळी आंघोळ करतानाच मांडला होता. मुख्याध्यापिकेची खुर्ची. पाहुण्यांच्या देशातल्या शाळा बघायला विमानाचा प्रवास. आणि ‘कशाला ती नोकरीची हौस’ म्हणणाऱ्या जाऊबाईंचं तोंड कायमचं बंद.

फळ्यावर विषय होता: ‘मुलांचे हक्क, इथे आणि तिथे’. शेजारच्या सामानखोलीतल्या कपाटातून घाईघाईने, दार तसंच उघडं टाकून काढलेली देशोदेशींच्या मुलांची चित्रं भिंतीवर लागली होती. चौथीचा वर्ग असा घोटून घेतला होता, की पोरांनी झोपेतही हक्क घडाघडा म्हटले असते. बालवर्ग सुटला की आईच्या टेबलाखाली येऊन बसणाऱ्या आपल्या ढमूलाही बाईंनी आज ‘बाहेर खेळ जा’ म्हणून पिटाळलं होतं.

अडचण एकच. भिंगरी.

पोरीच्या तोंडाची टकळी थांबायची नाही, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. त्या टकळीपायीच मागच्या आठवड्यात बाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी तिला सामानखोलीतल्या त्याच लोखंडी कपाटात कोंडलं. दार लोटलं की कुलूप आपोआप बसायचं. किल्ली बाईंच्या पर्समध्ये. जरा घाबरवायचं, एवढंच मनात होतं. पण बाहेर काढली तेव्हा पोरीला धड श्वास घेता येत नव्हता. ओठ काळेनिळे.

“माझ्याशिवाय कुणापाशी एक शब्द काढलास तर पुन्हा आत,” बाईंनी दम भरला होता. तेव्हापासून पोर गप्प होती आणि बाईंची झोप उडाली होती.

आज पाहुणे जिना चढत असतानाच भिंगरी धापा टाकत आली.

“बाई, तुम्हाला सांगायचंय.”

“आत्ता? हाच मुहूर्त सापडला?”

“बाई, ते कपाट...”

बाईंनी तिचा दंड धरला, बोटं रुतेपर्यंत. “शेवटच्या बाकावर. हलायचं नाही.”

पाहुणे आले. वयस्कर पाहुणीबाई, तिच्याबरोबर दुभाष्या. तास सुरू झाला. शिकण्याचा हक्क, खेळण्याचा हक्क. पोरं न चुकता म्हणत होती. मध्येच भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू आली. सुताराला आज बाकं दुरुस्त करू नको म्हणून बजावलं होतं, तरी मेला ऐकत नाही! बाईंनी आवाज चढवला. प्रत्येक ठोक्याला भिंगरी अर्धी उठत होती, हात वर करत होती. बाईंना ती दिसतच नव्हती.

पाहुणीबाईला दिसली.

“त्या मुलीला काहीतरी बोलायचंय, म्हणतात या,” दुभाष्या म्हणाला.

“तिचं काय, तासाला चारदा तहान लागते,” बाई हसल्या. वर्गही हसला.

पाहुणीबाई हसली नाही. ती थेट शेवटच्या बाकापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. “आमच्या शाळेत पहिला हक्क हाच शिकवतो. मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायचं,” दुभाष्याने सांगितलं. “बोल बाळ.”

खुर्ची, विमान, जाऊबाई, सगळं त्या एवढ्याशा जिभेवर टांगलेलं. बाईंनी लांबूनच डोळे वटारले.

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. मान खाली घातली.

“मी फक्त बाईंनाच सांगणार.”

दुभाष्याने ते सांगितलं आणि पाहुणीबाईचे डोळे भरून आले. मुलीचा शिक्षिकेवर केवढा हा विश्वास! हेच तर बघायला आपण इतक्या लांबून आलो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. टाळ्या झाल्या. भिंतीपलीकडची ठोकाठोकही एव्हाना थांबली होती. सुताराला अखेर अक्कल आली म्हणायची.

मग चहा झाला, फोटो झाले. “तुमची निवड पक्की समजा,” दुभाष्या निघता निघता बाईंच्या कानात म्हणाला.

बाई वर्गात परतल्या त्या तरंगतच. सगळी पोरं पटांगणात गेली होती. शेवटच्या बाकावर भिंगरी तशीच बसून होती.

“शहाणी गं माझी बाय,” बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “हं, बोल आता. काय सांगायचं होतं?”

“बाई, तुमचा ढमू लपायला त्या कपाटात शिरला आणि दार लागलं. मगाशी आतून ठोकत होता. आता ठोकत नाही.”