फुटाण्यांची हाक

"हे आपली गाडी नाही," अश्वजितची आई रुखमाबाई म्हणाली.

प्लायवूडच्या फळीवर वीतभर इंजिन शिट्टी मारत स्टेशनात शिरत होतं. अश्वजितने बटण दाबून ते थांबवलं. तो यवतमाळच्या आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. तीन वर्षं खपून त्याने घरच्या हॉलमध्ये शकुंतला, गावावरून जाणारी जुनी छोटी रेल्वे, उभी केली होती. गावचं छोटं स्टेशन, पाण्याची टाकी, बाभळी, चार डबे आणि पुढे वाफेचं काळं इंजिन. खरी शकुंतला केव्हाच बंद पडली होती, आणि तिचं वाफेचं इंजिन त्याच्याही कितीतरी आधी गेलं होतं. आता फळीखाली स्पीकर बसवून तो तिला आवाज देत होता. येत्या रविवारी वाचनालयात ती सगळ्यांना दाखवायची होती.

"काहून? इंजिनाचाच तर आवाज आहे."

"कोन्या देशातल्या इंजिनाचा? आपली गाडी दमेकरी होती. हे तं पळून राह्यली."

अश्वजितला हसू आलं. आवाज खरोखरच विलायती इंजिनाचा होता, इंटरनेटवरून घेतलेला. मग तो घरातच आवाज शोधायला लागला. वाफेसाठी कुकर. त्याच्या बायकोने, साधनाने, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कुकर लावला आणि घरात वरण उरायला लागलं. स्टेशनची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा असायचा. तसाच एक तुकडा भंगारातून आणून त्याने हातोडीने वाजवला. चाकांची खडखड शिलाई मशीनमधून निघाली. प्रत्येक आवाज रुखमाबाई डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची, कधी आडवी, कधी उभी.

गुरुवारी ती म्हणाली, "आता आली गाडी. पन रिकामी आहे. मानसं कुठी गेले?"

अश्वजितने माईक तिच्यापुढे ठेवला. "तू हाक दे, आई. फुटान्याची."

रुखमाबाईने पदर सारखा केला. बावीस वर्षं तिने त्या गाडीत फुटाणे विकले होते. त्यावरच अश्वजित शिकला होता.

"लोक म्हनतील, सरची माय फुटाने इकत होती."

"इकतच होती ना."

"तुलेच आवडत नव्हतं."

आठवीत अश्वजित त्याच गाडीने शाळेला जायचा. एकदा मित्रांसोबत बसलेला असताना ती टोपलं घेऊन डब्यात आली, आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या दिवसापासून तो ज्या डब्यात असेल त्या डब्यात ती चढली नाही. चाळीस वर्षांत दोघांपैकी कुणीही हा विषय काढला नव्हता.

"मले याद आहे," तो म्हणाला. "म्हनूनच मागून राह्यलो."

रुखमाबाईने उठून पदर कमरेला खोचला. पहिली हाक बारीक निघाली. दुसरी ऐकून साधना स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिसरीला शेजारच्या उज्ज्वलाने भिंतीवरून विचारलं, "कसे देल्ले, काकू?"

रविवारी वाचनालय भरलं. घंटा वाजली, शिट्टी झाली, इंजिन धापा टाकत निघालं. गाडीने वेग घेतला आणि डब्यातून हाक आली, "गरम फुटानेऽऽ, खारे फुटानेऽऽ!" लोक आधी हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, "हा आवाज कोनाचा?"

"माझ्या आईचा," अश्वजित मोठ्याने म्हणाला. "याच गाडीत ती फुटाने इकत होती." आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रुखमाबाईला हात धरून त्याने पुढच्या खुर्चीवर आणून बसवलं.

शेजारच्या खुर्चीत डोमाजी होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्याच गाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांनी गाडी आणखी दोनदा चालवायला लावली आणि हातातली काठी फळीकडे केली.

"सर, आवाज सगळे बरोबर आहेत. क्रम तेवढा चुकला. बाईची हाक आधी पाहिजे. शिट्टी तिच्या मागून."

रुखमाबाईला ते लागलं. "फलाटावर नाही इकत होती मी, भाऊ. गाडीत चढून इकत होती. घरी घड्याळ नव्हतं, पन बावीस वर्षांत एकदाही गाडी चुकली नाही माझी. भट्टीवरून टोपलं उचललं की तिथूनच हाक देत धावत सुटो मी."

"चुकनार कशी?" डोमाजी म्हणाले. "तिकून बाभळीतून तुमची हाक ऐकू आल्याशिवाय मी झेंडीच दाखवत नव्हतो. डायव्हर विचारे, काहून थांबलो? मी सांगो, पानी भरून राह्यले."

सगळं वाचनालय हसायला लागलं. अश्वजितने लॅपटॉप पुढे ओढला आणि तिथल्या तिथे हाक शिट्टीच्या आधी घेतली. रुखमाबाई मात्र अजून डोमाजींकडेच बघत होती.

"तेव्हाच सांगाचं होतं ना, भाऊ," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी उगीच धावली."