दादाची गिटार

आईच्या ऑपरेशनच्या वेळी धाकटीने दादाची जुनी इलेक्ट्रिक गिटार त्याला न सांगता विकून टाकली. दादा तेव्हा दूर डोंगरात, बोगद्यासाठी सुरुंग उडवण्याच्या कामावर होता. तो आता कायमचा घरी येतोय असं कळलं, तशी ती बाजारात धावली.

चार दुकानं पालथी घालून तिने जुन्या घाटाची, खिशाला झेपेल अशी नवी गिटार निवडली. गाड्या रंगवून रंगवून तिचा हात बसलेला. जुना फोटो समोर ठेवून तिने गिटारला तसाच फिकट पिवळा रंग दिला, मनगट टेकतं तिथला घासून उडवला, बटणंसुद्धा शोधून तशीच जुनी बसवली. रूप हुबेहूब उतरलं. धास्ती होती ती आवाजाची, कारण दादाचा कान भलताच तिखट.

दादा आला आणि हातपाय धुऊन गिटार मांडीवर घेऊन बसला. आतून तिने दोनदा हाक मारली, पण त्याने ओ दिली नाही. 'ओळखलं वाटतं याने!' जीव मुठीत धरून ती बाहेर आली. तो डोळे मिटून तारा छेडत होता. तिने खांद्याला हात लावला, तसा तो दचकला.

"दादा, आवाज बरा आहे ना रे?"

तिच्या ओठांकडे बघत तो हसला. "अगं, तोच! तोच भरदार आवाज. भिंती हादरतायत बघ."



गिटारची वायर तिने अजून ॲम्प्लिफायरला जोडलीच नव्हती.