निकेल चढवलेली मूठ

नवरा फकिरा वारल्यापासून मैनाबाईनं अन्न टाकलं होतं. त्याच्या जुन्या ग्रामोफोनचं हँडल मुठीत धरून ती कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरात दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. आता आईही हातची जाणार, या धास्तीनं लेक दामिनी हँडल घेऊन जवळच्या कुम्हारी गावातल्या पॉलिशवाल्याकडं धावली. बाबांची वस्तू उजळली तर आई निदान दोन घास खाईल!

"भैया, एकदम नया कर दो," ती रडवेली होऊन म्हणाली.

त्यानं पितळी मुठीचा झिजलेला भाग भरून काढला, मूठ घासली, वर निकेल चढवलं. दामिनीनं ते लखलखतं हँडल आईच्या हाती दिलं. "पाह्य आई, कसं चमकून राहिलं!"

मैनाबाई मुठीवरून बोटं फिरवत राहिली.

"तुया बाबाच्या अंगठ्याचा खळगा होता वं इथं. मी तोच धरून बसत होती."