लेकीचे तीन दिवस

"बैल माझे, तिफण माझी, बियाणंही माझ्याच घरचं घेऊ," शेजारचा पुंजाराम म्हणाला. "पण दुसऱ्याच्या रानात पेरणीची मूठ मी न्हाई धरणार. ती घरचीच पाहिजे."

घरचं कोणी सुतकातून मोकळं नव्हतं. घरधनी रामकिसनला जाऊन आज चौथा दिवस. मुलगा भुजंग दहा दिवस बियाण्याला हात लावू शकत नव्हता. आणि दुपारी सरकारी पाहणीला गिरदावर येणार होता. पडीक रान मोडून ज्वारी पेरेल त्याला सरकार मदत देणार होतं. पण गिरदावराने पेरलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव यादीत चढणार नव्हतं. रामकिसनने सगळा उन्हाळा या तीन एकरांतली हराळी खणून काढली होती. मदत हुकली तर घरचा एक बैल टेंभुर्णीच्या बाजारात विकायला न्यावा लागणार होता.

"सोनूचं सुतक फिटलं की," चुलती म्हणाली. "दिल्या घरची लेक. तिला तीनच दिवस."

सोनूबाईने वर पाहिलं.

तिने डोक्यावरून पाणी घेतलं. पुंजारामच्या बायकोचं धुतलेलं लुगडं नेसली.

"आता आईला शिवू नको, तिचं सुतक हाय अजून," चुलतीने बजावलं. "शिवलीस तर मंग समदं मुसळ केरात."

तुळजाबाई बांधावर येऊन बसली होती. तिफण वळायला आली की मायलेकींत हातभर अंतर उरायचं. सोनूबाई नजर बी सोडायच्या चाड्यावरच ठेवायची. तुळजाबाई आपला पदर आवरून घ्यायची.

"बी दाट पडून राह्यलं!" भुजंग लांबून ओरडला.

"तू सुतकात हायेस, तोंड तरी सुतकात ठेव!" पुंजाराम म्हणाला आणि त्याने बैल हाकले.

ऊन कलायच्या आत घोडं आलं. गिरदावराने उतरून काठीने माती उकरली. एका जागी, दुसऱ्या जागी, मग पार मध्ये जाऊन. दाणे निघाले. तरी त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"रामकिसन कुठं आहे?"

"वारला, साहेब," भुजंग म्हणाला. "सोमवारी."

"अन् सुतकात पेरून राह्यले तुम्ही? का दुसऱ्याचं दाखवता?"

"लेकीनं पेरलं. तिचं फिटलं."

"बापाचं? इतक्या जल्दी?"

"तीन दिवस, साहेब. बराबर तीन."

गिरदावराने सोनूबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने वही उघडली.

"वरच्या कडेच्या ओळी राहिल्या ना?"

"चारच काकरं. आत्ता होतील."

"पूर्ण लिहितो. वारसाचं नाव?"

"भुजंग रामकिसन."

घोडं ओढ्यापलीकडे जाईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मग पुंजारामने कासरा ओढला.

"चल सोनू. चार काकरं."

सोनूबाईने कमरेची बियाण्याची ओटी सोडली. बियाणं पुंजारामच्या घोंगडीवर नीट ओतलं, एक दाणाही सांडू दिला नाही. बांधापाशी गेली आणि तुळजाबाईच्या मांडीत डोकं खुपसलं.

"अगं, शिवलीस!" चुलती ओरडली.

तुळजाबाईने पदर सोडला आणि लेकीच्या अंगावर ओढला.

त्या साली ज्वारी पुरुषभर वाढली. वरच्या कडेची चार काकरं तेवढी रिकामी राहिली.