ओद्दुरची शिकवणी

शपथ घेऊन सांगते, आणि चांगली मोठ्याने सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या सगळ्या मेंढ्या समुद्रात जावोत.

इर्मगार्डने बटाट्याचं पातेलं टेबलावर आदळलं, कारण तिचा नवरा ओद्दुर त्या पोरीला "शाब्बास" म्हणाला होता.

चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. ओद्दुर म्हणजे दगड. वारा सुटलाय, मेंढी व्यालीये, एवढंच बोलणं. त्यांच्या दरीत रेडिओ लागायचा नाही, शेजार डोंगरापलीकडे. आणि आता मेंढ्या विण्याच्या हंगामात बोझेना नावाची पोलंडची पोरगी कामाला आली काय, हा रोज जेवण झालं की तिच्यासमोर बसून, साखरेचा खडा दाताखाली धरून, कॉफी पीत तिला आइसलँडिक शिकवतो काय. मी आहे, तू आहेस, ती आहे. कुठल्या शब्दाला कुठली शेपटी. चुकली की पुन्हा. हळू, न रागावता.

इर्मगार्ड जर्मनीहून आली तेव्हा तिला कोणी शिकवलं होतं? सासू फक्त गायींशी बोलायची. गोठ्यात कानावर पडलं तेच तिने उचललं. गाय सरकवताना सासू जिभेने टक्‌टक्‌ करायची. हिला वाटलं, अदबीने बोलायचं ते असंच. गावातल्या दुकानात तोंड उघडलं की बाया ओठ दाबायच्या. का, ते कोणी सांगेना. शेवटी गावात ती मुकी झाली, बोटानेच दाखवायची. घरी मात्र तोंडाचा पट्टा चालू. ओद्दुर ऐकतो की झोपतो, देव जाणे.

त्या दिवशी तिने सांगून टाकलं, ही पोरगी राहील नाहीतर मी. ओद्दुर आपल्या बुटांकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी इर्मगार्डनेच पोरीची पिशवी जीपमध्ये फेकली आणि तिला बसला सोडायला निघाली.

बस दुकानापुढेच थांबते. बोझेनाला वाटेत खायला सुका मासा हवा होता. गल्ल्यावर स्वानहिल्दुर. पोरीने जिभेने टक्‌टक्‌ केलं आणि फार अदबीने म्हणाली, "सरक गं भुरे, मला मासा पाहिजे, देतो का?"

दुकानातल्या बाया हसून हसून भिंतीला टेकल्या. स्वानहिल्दुरने डोळे पुसले.

"अगं, ही कसली आइसलँडिक? ही तर इर्मगार्डची भाषा. कोणी शिकवली तुला?"

"ओद्दुरने."

इर्मगार्डने पोरीला परत जीपमध्ये कोंबलं आणि गाडी घराकडे वळवली.

ओद्दुर कुंपणाला खिळे ठोकत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. पोरीला असलं वेडंवाकडं का शिकवलंस, म्हणून विचारलं. आपली धड भाषा का नाही शिकवलीस?

"मला हीच येते," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तुझंच तर ऐकत आलोय."

बोझेना राहिली. शाब्बास म्हणायचं काम इर्मगार्डने स्वतःकडे घेतलं.

सगळं खरं, म्हटलं ना. फक्त त्याचं ते दुसरं वाक्य माझ्या पदरचं. बायकोशी एका दमात दोन वाक्यं बोलणारा माणूस नव्हे तो. पहिलं बोलला आणि पुढचा खिळा ठोकायला लागला. दुसरं इर्मगार्डला तसंच ऐकू आलं.