इमरानची शेवटची आंघोळ

गुलाम नबीने इमरानच्या दाढीवरून कोमट पाणी सोडलं आणि त्याच्या बोटांची आग आग झाली.

मोहल्ल्यातल्या मयतांना दफनाआधीचं गुसल देता देता म्हातारा झालेला माणूस; असं कधी झालं नव्हतं. त्याने पुन्हा पाणी सोडलं. वाफेने ठसका लागला, डोळ्यांना धारा लागल्या. ही मिरची होती. पोलिसांच्या स्प्रेची.

खरेदी केंद्रावर कापसावरून बाचाबाची केली म्हणून काल दुपारी पोलिसांनी इमरानला घरून नेलं. न्हाऊन, दाढी विंचरून तो गल्लीतून पायी गेला, साऱ्यांनी पाहिलं. रात्री कोठडीत छातीत कळ येऊन गेला, असं ठाण्यातून सांगण्यात आलं.

गुलाम नबीचा साजिद त्याच ठाण्यात शिपाई. पण रात्री अकोल्याला बंदोबस्त आहे, असं सांगून तो गेला होता, तेवढं बरं झालं. सकाळी आला तो गळून गेलेला. रोज भात हाताने कालवणारा पोरगा आज चमच्याने चार घास जेवला. म्हणाला, अब्बा, तुम्ही जाऊ नका, गुसल दुसरं कोणी देईल. आपल्या गुडघ्यांची पोराला काळजी, म्हणून म्हातारा सुखावला होता.

कफन बांधून झालं. इमरानची बायको फरजाना दाराआडून बोलली, "चाचा, तुमी पाह्यलं असन. काय केलं त्याईनं?"

म्हाताऱ्याने हात रुमालाखाली घेतले. साजिदची नोकरी, लेक अरीबाचं ठरलेलं लग्न, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"तोंडावर मिरची मारली, बेटी. माहे हात साक्षीले हायेत."

"चौकशीच्या साहेबापुढं सांगसान?"

"सांगीन."

दफन उरकून तो घरी निघाला. हातांचं कोणाजवळ बोलला नाही. पोराच्या नोकरीवर बेतणार, ही धास्ती होती. पण साजिद समजून घेईल. शेवटी आपलंच रक्त, आणि त्याचे हात स्वच्छ.

घरात शिरला तो थेट न्हाणीत. रुमालात गुंडाळलेले हात अजून सोडलेही नव्हते. बादलीकडे वाकला, तोच मागे साजिद उभा. त्याच्याजवळ दह्याची वाटी होती.

"पानी नका लावू, अब्बा, आग वाढते," तो खाली मान घालून म्हणाला. "दही लावा. मी बी रातपासून तेच करून राहिलो."