काचेतला बावटा

"ती बघ, परत वर बघतेय," बायको म्हणाली.

शेजारच्या घरातली चांगुणा हातातलं जाळं बाजूला ठेवून आमच्या वरच्या मजल्याकडे टक लावून उभी होती. रोज दुपारी हेच. समुद्र दिसावा म्हणून आर्किटेक्टने तिरकी, पुढे झुकलेली काचेची भिंत बसवली आणि आम्ही स्वतःच्याच हॉलमध्ये अंग चोरून वावरू लागलो. घरात कधी कोणी नसतं, याचाच ती अंदाज घेत असणार. शेवटी मी काचेवर बाहेरून बांबूची चिक सोडून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी आली.

"साहेब, ती चिक जरा वर घ्या की. तुमचं कंपाउंड झालं नि अंगणातून समुद्र दिसायचा बंद झाला. तुमच्या काचेत आमच्या होडीचा बावटा दिसला, की मी टोपली घेऊन निघते. आज वारा सुटलाय, नि धनी अजून आला नाय."

माझा विश्वास बसेना. चिक वर करून मी मुद्दाम तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

काचेत आमच्या घरातलं काहीच दिसत नव्हतं. नुसता समुद्र होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा.